गरम पाण्याचा खड्डा

६ जानेवारी

अहवाल आला. ‘फायदेशीर नाही.’ नऊ वर्षं मी या खड्ड्यासाठी उष्णता केंद्राच्या मंडळापुढे घसा कोरडा करतेय, आणि ऑर्हूस शहरातून आलेला माल्टे नावाचा सल्लागार पोरगा दोन शब्दांत निकाल लावून मोकळा!

काय अवघड आहे त्यात? फुटबॉलच्या मैदानाएवढा खड्डा, आत जाड प्लास्टिक, पोटात पाणी, वर झाकण. वारा सुटला की वीज फुकटात जमा, तेव्हा पाणी तापवायचं. थंडी पडली की तीच ऊब नळांतून गावातल्या घरांना सोडायची. आज काय होतं? बाहेर वादळ घोंगावतंय, वीज नको तेवढी झाली म्हणून पवनचक्क्या मुद्दाम बंद ठेवल्यात, आणि मी इथे उष्णता केंद्रात बॉयलरला पेंढ्याचे गठ्ठे भरवतेय. सत्तावीस वर्षं हेच.

साठ पानांपैकी पाच वाचली. बाकीची जोडपत्रं — नुसतं अक्कल पाजळणं.

८ जानेवारी

माल्टेला फोन केला. म्हटलं, तू उष्णतेला वर्षभर एकच भाव कसा लावलास? मंगळवारच्या वादळात साठवलेली ऊब शुक्रवारी वारा पडून गोठायला लागल्यावर वापरली, तर तिची किंमत तीच राहते का?

पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “ते दुरुस्त करतो. पण बाई, तुमचं घोडं अडलंय परतीच्या पाण्यावर.” घराघरांतून परत येणारं पाणी चव्वेचाळीस अंश. ते गार होऊन आलं तरच खड्ड्यात जास्त ऊब मावते. “तेहतीसवर आणून दाखवा.”

मला शिकवतोय!

९ जानेवारी

मंडळाची बैठक. अध्यक्ष एगन — शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, तेव्हापासून माझ्या वाटेत पाय घालतोय. “आहे ते चाललंय की, बिर्थे. कशाला हात लावायचा?” नऊ वर्षं एकच रेकॉर्ड. माझं काही चांगलं झालं की याच्या पोटात का दुखतं, देव जाणे.

बाकीच्यांनी त्याला दाबलं. आकडा सुधारला तर मार्चच्या सभेत सभासद मत देतील.

२१ जानेवारी

घरोघरी फिरतेय. सगळीकडे तोच शहाणपणा — खोलीत ऊब देणारा एक रेडिएटर पुरता उघडा, बाकीचे बंद. काटकसर म्हणे! सतरा नंबरच्या ओडाबाईंना सांगितलं, एकाच रेडिएटरने काम केलं की पाणी गरमच्या गरम परत पळतं, सगळे थोडे थोडे उघडा.

“आमचे हे असंच करायचे.”

“ते चुकत होते.”

“चाळीस वर्षं मी त्यांना हेच सांगत होते. पण ते तू येऊन सांगायचं काम नाही.”

बाई चहा करायला आत गेल्या, तेवढ्यात मी सगळ्या खोल्यांतल्या रेडिएटरच्या चाव्या फिरवून घेतल्या. चहा घेतला नाही.

३ फेब्रुवारी

एकशे बारा घरं झाली. एकतीस जणांशी भांडण. एकाने कुत्रा सोडला.

१२ फेब्रुवारी

परतीचं पाणी एकोणचाळीस.

२७ फेब्रुवारी

तेहतीस! माल्टेने पुन्हा मांडलं — फायदेशीर. जेमतेम, पण फायदेशीर. पहिली पाच पानं दोनदा वाचली आणि बॉयलरसमोर एकटीच नाचले. हसा खुशाल.

संध्याकाळी एगनचा फोन. “मी विरोधातच बोलणार आहे.”

“का?”

“मला पटत नाही.”

बोल म्हटलं. गाव बघून घेईल तुला.

१४ मार्च

जिंकले. एकशे अठरा विरुद्ध एकतीस.

खानावळीत भरलेल्या सभेत एगन उठून काय काय बडबडला — यंत्राने चालणाऱ्या केंद्रापेक्षा माणसाने चालवलेलं बरं, पाइप कुठे कण्हतोय ते कागदाला ऐकू येत नाही. मी बसल्या जागेवरून म्हटलं, “एगनला पेंढ्याचा लळा लागलाय, थोडा घरी पाठवून देऊ.” सगळी खानावळ हसली. त्याचे कान लाल झाले, भाषण अर्धंच ठेवून तो खाली बसला. नऊ वर्षांचं उट्टं निघालं. फार बरं वाटलं — खोटं कशाला लिहू?

१६ मार्च

माल्टेचं अभिनंदनाचं पत्र. ‘पान एकेचाळीस माहीत असूनही तुम्ही इतकं झटलात, याचं कौतुक वाटतं.’

काढून वाचलं. खड्डा झाल्यावर केंद्र शेजारच्या गावातूनच चालवता येईल. व्यवस्थापकाची जागा रद्द. माझी. हा वाचलेला पगार धरल्याशिवाय आकडा वर येतच नाही. जानेवारीच्या अहवालातही हेच पान आहे.

तडक एगनकडे गेले. दारातच विचारलं, तुला ठाऊक होतं?

“नऊ वर्षं. जो कोणी गणित मांडतो, त्याचं उत्तर तुझ्या जागेवरच येतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“भरल्या सभेत तुझ्या नोकरीची चर्चा करायची नव्हती. आणि एकटीला गाठून सांगायचं, तर तू माझं कधी ऐकून घेतलंस?”

परवा लोक त्याला हसले. सगळ्यात आधी मी.