निळी बाटली आणि परत मागितलेलं वाण

६ जानेवारी
आजपासून लिहून ठेवणार. कारण एकच. कंपनीच्या तक्रारीच्या फोनवर तिथल्या मुलीने विचारलं, घटना कोणत्या तारखेची? मला ठाम सांगता आलं नाही. तिने शांतपणे फोन ठेवला. अशी संधी त्यांना पुन्हा मिळायची नाही.

घटना अशी: आमच्या बिल्डिंगचे जिने पुसणारी लक्ष्मम्मा. फरशीचं नवं लिक्विड, निळी बाटली. दोन्ही तळहातांची साल निघाली. "स्वल्प उरी, अम्मा," म्हणाली. थोडीशी जळजळ. थोडीशी म्हणे. बोटांवर रेघा उरलेल्या नाहीत, रेशनच्या मशीनवर अंगठा लागेना, हात हलवत परत आली.

हातमोजे घाला, हे बाटलीच्या मागे, तळाशी, इंग्रजीत. मला भिंग लागलं. लक्ष्मम्मा कन्नड उत्तम वाचते. इंग्रजी नाही.

८ जाने.
कंपनीची मेल. "उत्पादनाचा वापर सूचनेनुसार झालेला नाही." खेद व्यक्त केलाय. सोबत सवलतीचं कूपन, त्याच लिक्विडचं.

संध्याकाळी सोसायटीची बैठक. मी तीन मागण्या वाचल्या. इशारा कन्नडमध्ये, पुढच्या बाजूला, मोठा. लक्ष्मम्माचे उपचार आणि बुडालेलं काम यांची भरपाई. चूक कंपनीची, हे लेखी. तोवर निळी बाटली या बिल्डिंगमध्ये येणार नाही. बहुतेक हात वर.

घरी ऋचा, माझी सून, मार्केटिंगमध्ये आहे, म्हणाली, "आई, एका बिल्डिंगने त्यांना काय फरक पडतो?"
"मग टीव्हीवर दिवसातून दहा वेळा माझी मनधरणी कशाला करतात?"
यावर ती हसली.

१३ जाने.
कोपऱ्यावरच्या मंजण्णाच्या दुकानात निळ्या बाटल्यांचा खोका तसाच. वितरकाच्या माणसाला त्याने सांगितलं, पुढचा माल नको. मला म्हणाला, "अक्का, तुम्ही आलात की माझ्या बाटल्या मागे सरकतात."
एक दुकान. चालेल. सुरुवात आहे.

१८ जाने., रविवार
मंडळाचं हळदीकुंकू. आज माझी चूक झाली, ती नीट लिहिते.

प्लॅस्टिकचे डबे नकोत, उपयोगी वाण हवं, हा हट्ट माझा. मंडळातल्या सुधाक्काला घेऊन चिकपेटच्या बाजारात मीच गेले, हात धुण्याच्या छोट्या बाटल्या मीच निवडल्या. निम्म्या वाटून झाल्यावर ऋचाने एक उलटी केली आणि माझ्या हातात ठेवली. नाव वेगळं, कंपनी तीच. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली मी, दोन आठवडे लोकांना लेबलं वाचायला सांगतेय. लक्ष्मम्मालाही बोलावलं होतं. तिच्याही हातात मीच ठेवली होती.

परत मागायचं म्हटल्यावर सुधाक्का घाबरली. "सवाष्णीला दिलेलं वाण परत मागतात का कुणी? काय बोलतेस!"
मागितलं. उभी राहिले, सांगितलं: चूक माझी, लेबल वाचलं नाही, बाटल्या परत द्या. कोणी हलेना. लक्ष्मम्मा पहिली उठली. तिच्यामागून बाकीच्या. एकीने ठेवून घेतली, म्हणाली वास छान आहे. असो. रिकाम्या हाताने कोणी जाऊ नये म्हणून सुधाक्काने घाईने केळी आणवली, जोडी जोडी दिली.

२१ जाने.
ऋचाने त्या कंपनीच्या सगळ्या मालाची यादी काढली. दोन पानं. बिस्किटं, टूथपेस्ट, चहासुद्धा. सुधाक्का म्हणाली सगळंच सोडू. मी नाही म्हटलं. सगळं सोडा म्हटलं की आठवडाभरात कोणी काहीच सोडत नाही. एकच वस्तू, निळी बाटली, आणि ती पक्की. वाणाची गोष्ट निराळी होती, ते आमच्या हातून गेलं होतं.
हळदीकुंकवाच्या बायकांनी आपापल्या दुकानदारांना सांगितलंय. इलेक्ट्रॉनिक सिटीतून तिघींचे निरोप, तिथेही बाटली बंद. वाण परत मागितल्याची गोष्टच जास्त पसरली. पसरू दे.

२७ जाने.
कंपनीचा साहेब स्वतः आला. म्हणजे झळ पोचली. वितरकाचं नाव दोनदा घेतलं त्याने.
बाटली पुढे केली, म्हटलं वाचा. मोबाइलचा दिवा लावूनही अडखळला.
मग बॅगेतून इंग्रजी कागद काढला. लक्ष्मम्माने सही करायची, भरपाई लगेच. लेबलबद्दल अक्षर नाही. वर, पुढे कुठे तक्रार करणार नाही असं कलम. मी तिला कलम समजावून सांगितलं आणि गप्प बसले. गप्प बसणं अवघड गेलं. हात तिचे, घर तिचं.
तिने कागद त्याच्यापुढे परत सरकवला. मग त्याला म्हणाली, "कन्नडमध्ये लिहून आणा. मी स्वतः वाचेन."

३१ जाने.
तिसऱ्या मजल्यावर एका घरात निळी बाटली दिसली. मालकीणबाईंना दारातच सुनावलं. "जुनी आहे हो," म्हणाल्या. नव्हती.
मंजण्णाला वितरकाने जास्त फायद्याची योजना देऊ केली. त्याने नकार दिला. किती दिवस देईल, त्यालाही ठाऊक नाही.
लक्ष्मम्माचं काम जाऊ नये म्हणून जिने आम्ही पाळीने पुसतोय. आज माझी पाळी. गुडघे बोलले.

३ फेब्रु.
कन्नड कागद आला. भरपाई आहे, कलमही आहे. लेबलाचा "विचार चालू आहे". चुकीची कबुली नाही. लक्ष्मम्माने तीनदा वाचला. घरी मुलीशी बोलते म्हणाली. पण तक्रार मात्र द्यायचीच, उशीर नको, हे तिचंच म्हणणं.

५ फेब्रु.
ग्राहक आयोगाच्या कचेरीत दिलं ते:
तक्रार, लक्ष्मम्माच्या सहीची, प्रतींसह.
अर्धी निळी बाटली, झाकण चिकटवून.
लेबलाचा मोठा केलेला फोटो.
डॉक्टरांची चिठ्ठी. कंपनीची मेल, कूपन.
बिल्डिंगच्या आणि मंडळाच्या लोकांच्या सह्यांची पानं, सात.
पोच मिळाली. लक्ष्मम्माच्या पिशवीत.
दिला नाही तो कन्नड कागद. तोही तिच्याच पिशवीत. सही केलेली नाही, फाडलेलाही नाही.