तिसऱ्या वाटेवरची हिरवी पाटी

प्रति,
मा. अधीक्षक,
टेकडी उद्यान व सायकलमार्ग कार्यालय,
पहिला मजला, खोली क्रमांक चार.

विषय : तिसऱ्या वाटेच्या तोंडाशी लावलेली हिरवी पाटी काढून पूर्वीची काळी पाटी लावण्याबाबत.

संदर्भ : १) सरकारी पाटी विद्रूप केल्याबद्दल मला आलेली आपली दि. ३ ची नोटीस. २) मार्ग पर्यवेक्षकांचा चौकशीतील जबाब.

महोदय,

सदर पाटीवर काळा रंग मी फासला काय, असे नोटिशीत विचारले आहे. होय, मीच फासला. दोनदा. दुसऱ्या वेळी पहारेकऱ्याने मला हटकले. तेव्हा मी त्याच्या हातात रंगाचा डबा दिला आणि त्याने तो मुकाट धरला. याबद्दल त्यास जबाबदार धरू नये, ही विनंती.

१. मी गेली सव्वीस वर्षे सायकल दुरुस्तीचे दुकान चालवते. टेकडीवरच्या तिन्ही वाटा मी आणि आपले सध्याचे मार्ग पर्यवेक्षक, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, अशा आम्ही दोघांनी चार वर्षे दर रविवारी कुदळ-फावडे घेऊन काढल्या. ब्रेकची तार कशी ओवायची इथपासून सारे त्यांना मी शिकवले. आपल्या कार्यालयात त्यांची निवड झाली, तेव्हा शिफारसपत्रावर पहिली सही माझी होती.

२. पाटीच्या रंगावरून वाट किती अवघड ते कळते. पहिली वाट हिरवी, म्हणजे सोपी. रुंद, मऊ मातीची, नुकता तोल सावरू लागलेल्यासाठी. दुसरी निळी. तिच्यावर वळणे आहेत, मुळे आहेत, पण चुकलात तर गवतात पडता. तिसरी काळी. तिच्यावर सुटी खडी असून मध्येच कमरेइतक्या उंचीचा खडक आहे. तिथे सीटवरून उठून अंग मागे न्यावे लागते. घाबरून पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडघशी पडतो, मागचा दाबला की चाक निसटते. ती वाट उतरता यायला मला स्वतःला दोन महिने लागले.

३. या वर्षीच्या अहवालात "नवशिक्यांसाठी किमान दोन वाटा" दाखवायच्या होत्या. होती एकच. वाट सोपी करायला सहा महिने लागतात, पाटी रंगवायला अर्धा तास. पर्यवेक्षक दुकानात आले आणि पाट्या पुसट झाल्यात म्हणून अक्षरांचे पत्र्याचे साचे मागून घेऊन गेले. वर मी त्यांना चांगला ब्रशही दिला. आठवड्याने तिसऱ्या वाटेवर "सोपी वाट" लिहिलेली हिरवी पाटी दिसली.

मी तडक बहिणीच्या घरी गेले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझे साचे वाळत होते, कडांना हिरवा रंग, आणि बहीण उरलेले घासत होती. पर्यवेक्षक म्हणाले, "ताई, अहो, ही कागदापुरती गोष्ट आहे. तपासणी झाली की काढतो. नवखा माणूस तो उतार बघूनच मागे फिरेल."

बहीण म्हणाली, "ताई, यांची नोकरी आत्ता कुठे पक्की होतेय. माझ्यासाठी गप्प बस ना जरा."

महोदय, मी गप्प बसले. अकरा दिवस. हा गुन्हा आपल्या नोटिशीत नाही, म्हणून मी तो इथे स्वतःहून नोंदवते.

४. बाराव्या दिवशी वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई त्या वाटेने उतरल्या. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्या माझ्याकडेच सायकल शिकल्या. निघण्याआधी पाटी वाचायची, ही सवय त्यांना मीच लावली होती. खडकाशी त्या पडल्या. खांद्याचे हाड मोडले, खुबा सरकला. दवाखान्यात मला पाहून त्यांनी आधी काय विचारावे? "ताई, पाटी हिरवीच होती ना हो? की मीच नीट बघितलं नाही?"

मी "हिरवीच होती" म्हणाले. पाटी खोटी होती, हे सांगायला मला आणखी दोन दिवस लागले. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यात त्यांचे काहीच चुकलेले नाही.

५. या अपघाताच्या चौकशीत पर्यवेक्षकांनी लिहून दिले आहे : "पाट्यांचे काम प्रथमपासून सदर बाई पाहतात. अक्षरे त्यांच्याच साच्यांची आहेत. साचे त्यांच्या दुकानाबाहेर कधीही गेलेले नाहीत." पंधरा वर्षे मला ताई म्हणून हाक मारणाऱ्या माणसाच्या जबाबात मी सदर बाई झाले. तेही मी गिळले असते. पण त्या वाक्याखाली साक्षीदार म्हणून माझ्या बहिणीची सही आहे. तिची सही मी ओळखते. पहिलीत तिचा हात धरून तिला अक्षरे मीच गिरवायला लावली होती. आपल्या कारकुनाने जबाबाची प्रत दाखवली तेव्हा मी त्यांच्या टेबलाची कड धरून उभी राहिले. त्यांनी न मागता पाणी आणून दिले, त्याबद्दल त्यांचे आभार.

६. आपली भेट मी तीनदा मागितली. पहिल्यांदा आपण बैठकीत होता, दुसऱ्यांदा दौऱ्यावर. तिसऱ्यांदा दाराच्या फटीतून आपण चहा पिताना दिसलात, परंतु आपण कार्यालयात नसल्याचे मला कळवण्यात आले. त्यानंतर मी रंगाचा डबा विकत घेतला. दोन्ही वेळा आपल्या माणसांनी काळा रंग पुसून पाटी पुन्हा हिरवी केली. आता मी रोज सकाळी सहा ते नऊ वाटेच्या तोंडाशी स्टूल टाकून बसते आणि लोकांना परत पाठवते. आजवर एकेचाळीस जण परतले. एक जण म्हणाला, "बाई, पाटी सरकारची आहे. तुम्ही कोण?" मी स्टूल वाटेच्या मधोमध सरकवले.

७. गेल्या रविवारी पर्यवेक्षक त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, घेऊन टेकडीवर आले. तिची सायकल नवी होती. झुडपाआड असल्याने मी त्यांना दिसले नाही. हिरवी पाटी पाहून पोरीने चाक तिकडे वळवले. "बाबा, ही पण सोपीच आहे. इकडून जाऊ या?"

त्यांनी धावत जाऊन तिचे हँडल धरले. "नको. पहिल्या वाटेने जा."

"का पण? हिरवीच तर आहे."

"सांगितलं ना एकदा!" एवढ्या जोराने ते ओरडले की पोर रडवेली झाली. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मुलीला पुढे घालून ते पहिल्या वाटेने खाली गेले. हँडलवरचा हात त्यांनी पार पायथ्यापर्यंत काढला नाही.

सबब विनंती की, सदर पाटी आजच उतरवावी. रंग फासल्याबद्दल जो दंड होईल, तो मला मान्य आहे. बहिणीला साक्षीसाठी पुन्हा बोलावू नये. तिला आणखी एकदा खोटे बोलायला लावण्याची माझी इच्छा नाही. सोबत जोडले आहे त्यापलीकडे मला दुसरा पुरावाही द्यायचा नाही. सुनावणीत आपण पर्यवेक्षकांना एवढेच विचारावे, की तुम्ही पोरीला का वळवलेत? आणि ते उत्तर देईपर्यंत आपण खोलीबाहेर जाऊ नये.

आपली, अद्याप नम्र,

(सही)
सायकल दुरुस्तीवाली,
टेकडीच्या पायथ्याचे दुकान
दि. १२

सोबत : १) तिन्ही वाटांचा मूळ आराखडा, दोघांच्या सह्यांसह. २) नोटिशीची प्रत. ३) बहिणीच्या ओट्यावरून त्या दिवशी मी उचलून आणलेला, हिरवा रंग लागलेला "सो" अक्षराचा साचा, काम झाल्यावर परत मिळावा.