मयूरीच्या जिवंत पेशींबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
फुफ्फुसविकार संशोधन विभाग, पुणे.

विषय: कालकथित कु. मयूरी उत्तम भालशंकर हिच्या फुफ्फुसाच्या नमुन्यातून वाढवलेल्या पेशी नष्ट न करण्याबाबत.

संदर्भ: प्रकल्प बंद होत असल्याचे आपले दि. ६ मार्च २००६ चे पत्र.

महोदय,

१. अर्जदार इंदुमती उत्तम भालशंकर, राहणार प्रताप नगर, जयपूर, ही मयूरीची आई. पती रेल्वेत असल्याने कुटुंब बदलीवर सोलापूरहून इकडे आले. मयूरी कॉलेजात असतानाच तिची फुफ्फुसे घट्ट होत गेली.

२. डॉक्टरसाहेबांनी आजार समजावला तो असा: फुफ्फुसाला इजा झाली की शरीराच्या रक्षक पेशी तेथे धावतात आणि जखम भरावी म्हणून वाढीचे घटक सोडतात. मयूरीच्या बाबतीत त्या थांबल्याच नाहीत. जखम भरता भरता श्वासाची जागाच बुजली. ते ऐकून मयूरी म्हणाली, "मतलब, आई, त्या मला वाचवायलाच आल्या होत्या ना!" नमुना आपल्याकडे पाठवण्याच्या संमतिपत्रावर तिने स्वतः सही केली. गेल्या एप्रिलमध्ये ती गेली.

३. आपल्या पत्रात सदर पेशी "अद्याप जिवंत व वाढीस सक्षम" असल्याचे नमूद आहे. ते वाचून पतींनी पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम रद्द केला. "पोरगी पुण्यात आहे," असे ते शेजाऱ्यांना सांगतात. पेशी अतिथंड टाकीत असतात हे कळल्यापासून ते घरात पंखा लावू देत नाहीत. येथे उन्हाळा सुरू झाला आहे.

४. पेशी घरी आणण्यासाठी पतींनी रजा टाकली असून झाकणाचा नवा डबाही आणला आहे. बाहेर काढताच त्या मरतील, असे अर्जदाराने सांगून पाहिले. त्यावर ते इतकेच म्हणाले, "मग मी तिथंच राहतो."

५. अर्ज लिहावयास घेतला तेव्हा पेशी राखाव्यात एवढेच मागणे होते. परंतु त्या टाकीत असेपर्यंत पती वाट पाहणार, हे लिहिता लिहिता ध्यानी आले. सबब विषयातील विनंती अर्जदार मागे घेत आहे. फुफ्फुस बुजवणारी ही वाढ रोखणारे औषध कोणी शोधत असल्यास पेशी त्यांना द्याव्यात. संपायच्याच तर त्या कामी येऊन संपाव्यात.

६. मात्र त्याआधी, "त्या पेशी म्हणजे मयूरी नव्हे," असे एका ओळीचे पत्र विभागाच्या शिक्क्यानिशी पतींच्या नावे पाठवावे, ही कळकळीची विनंती. अर्जदाराच्या तोंडून ते निघत नाही.

आपली विनीत,
इंदुमती उ. भालशंकर
जयपूर, दि. २८ मार्च २००६

सोबत: संमतिपत्राची व मृत्यूच्या दाखल्याची प्रत.