लंबूटांगाची छाटणी

३ जून

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. गाडीत जागा मिळाली नाही, पण उभं राहणं हा न्हाव्याचा धंदाच, तेव्हा पायांनी कुरकुर केली नाही. दुकान उघडायला गेलो तर तीन गिऱ्हाइकं दाढ्या खाजवत पायरीवर बसलेली!

मागचं अंगण आता कसं मोकळं वाटतंय ना? भावोजी गेल्यापासून तू तिकडे फिरकलीच नसणार. कमरेएवढं रान माजलं होतं. दोन दिवस घाम गाळला, पण सगळं जमिनीलगत कापून टाकलं. माझ्या हातून अशी साफ हजामत आजवर कुणाची झाली नसेल.

तब्येतीला जप. धाकट्यावर माया आहे तशी राहू दे.

तुझा धाकटा

२५ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी बरी आहे. पावसाचा पत्ता नाही, ऊन फार आहे. आलास तेव्हा खोकत होतास, औषध घेत जा.

ताई

१२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे चार ओळींची तार. माझं काहीतरी चुकलं एवढं कळलं, काय ते कळेना. काल कळलं.

रोपवाटिकेतला माळी दाढीला आला होता. मी आपली शेखी मिरवत बहिणीचं अंगण कसं साफ केलं ते सांगत होतो. त्याने पानं कशी होती, खोड कसं होतं विचारलं. मी सांगितल्यावर तो असा उसळला की वस्तरा लागता लागता राहिला. तोंडाला फेस तसाच ठेवून त्याने मला ऐकवलं, की ते रान नव्हतं. ते आपल्याकडच्याच माळरानांवरचं फूलझाड, पुरुषभर उंच वाढतं, मधमाश्या आणि फुलपाखरं त्यावर तुटून पडतात, आणि बी पेरल्यापासून फुलायला तीन-तीन वर्षं घेतं. अर्धी दाढी झालेल्या माणसाकडून बोलणी खायची वेळ पहिल्यांदाच आली.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. ताई, तू तेव्हा पायरीवरच बसली होतीस. मला थांबवलं का नाहीस?

तुझा मूर्ख धाकटा

२४ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

माळी बरोबर बोलला. तुझे भावोजी विजेच्या तारा दुरुस्त करायला माळरानावर जायचे, तिथल्या खांबाखालून त्यांनी ते बी आणलं होतं. ते झाडाला लंबूटांग म्हणायचे. बियांना थंडी दाखवल्याशिवाय त्या रुजत नाहीत, म्हणून ओल्या वाळूत घालून डबा दोन महिने फ्रिजमध्ये, लोण्याशेजारी. मी रोज करवादायचे, आणि ते रोज डबा उघडून बघायचे.

पहिल्या वर्षी नुसती जमिनीला चिकटलेली पानं आली. मी त्यांना चिडवलं, की तुमचा लंबूटांग बुटका निघाला. दुसऱ्या वर्षी गुडघ्याएवढी झाडं झाली आणि हे गेले. फूल त्यांनी पाहिलं नाही, मीही नाही. हे तिसरं वर्ष होतं. मी तिकडे फिरकत नसेन म्हणालास, अरे, मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथेच उभी असायचे. दुसरं बोलायला आहे कोण?

तुला का थांबवलं नाही ते सांगते. पहिलं झाड पडलं तेव्हा मी आत होते. बाहेर येईपर्यंत अर्धी रांग आडवी झाली होती. मग वाटलं, एवढा घाम गाळतोय, कुठे त्याचं मन मोडू.

पण राग झाडांचा नाही, खोटं कशाला बोलू. वर्षभराने तू आलास. दोन दिवस मी पायरीवर बसून तुझी पाठ बघत होते. जेवायला हाक मारली की येऊन चार घास गिळायचास आणि पुन्हा बाहेर. तू गेल्यावर लक्षात आलं, आपण दोघं एकदाही समोरासमोर बसलो नाही. घर आधीच रिकामं होतं, तुझ्या येण्याने ते जास्तच रिकामं झालं.

लिहून मोकळी झाले. रागावू नकोस.

ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं.

तीस वर्षं मी माणसांशी त्यांच्या मागे उभा राहून बोलतोय. त्यांनी आरशात बघायचं, मीही आरशात बघायचं. मरणाच्या, लग्नाच्या, कोर्टाच्या सगळ्या गोष्टी अशाच ऐकतो. त्या दिवशी तू दार उघडलंस तेव्हा मध्ये आरसा नव्हता. तुझा चेहरा केवढा उतरलाय ते थेट दिसलं. हाताला काम असलं की रडू येत नाही, म्हणून विळा उचलला. भावोजींबद्दल एक शब्द विचारायचं धैर्य झालं नाही.

माळ्याने सांगितलं, की मुळं शाबूत असतील तर झाडं मरत नाहीत, पुन्हा फुटतात, फक्त फुलं उशिरा येतात. तशी फुटली असतील तर कळव. फुलं आली की लगेच निघतो. या खेपेला बघायला तरी काहीतरी चांगलं असेल.

चूक पोटात घाल.

तुझा धाकटा

११ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फुटली आहेत. एकेका खोडाला तीन-तीन फुटवे आलेत, माझ्या गुडघ्याच्या वर गेलेत. कळी अजून कुठेच नाही. माळी म्हणतो तशी फुलं उशिराच येणार, महिना-दीड महिना सहज लागेल.

पण तू फुलांसाठी येऊ नकोस. फुलं आली की तू फुलांकडे बघत बसशील. आत्ता ये, बघण्यासारखं काही नाही तोवर.

वाट बघते.

ताई