टोकन नंबरसकट प्रार्थना

७ नोव्हेंबर, गुरुवार
एमआयडीसीची सुट्टी. तरी मी पावडर कोटिंगच्या गाळ्यावर. शेजारच्या रिकाम्या गाळ्यात चार पोरं दर गुरुवारी मेटल नावाचं संगीत वाजवतात. काळे टी-शर्ट, त्यावर कवट्या, खांद्याखाली केस. आज भिंतीला कान लावला. गरज नव्हती, भिंतच हलत होती.
आमच्या चर्चचे पाळकसाहेब रविवारी म्हणाले, ज्यांच्याकडे कुणी जात नाही त्यांच्याकडे जा. हात एकट्या माझाच वर. जालन्याहून एका पिशवीनिशी येऊन भोसरीत गाळा उभा केला, चार पोरांचं काय एवढं.
संकल्प : नाताळच्या उपासनेला चौघेही पहिल्या बाकावर. केस कापून.

८ नोव्हेंबर
काळा टी-शर्ट आणला. कवटी छोटीच. विजयश्री म्हणाली, पोटावर ताणून कवटी हसायला लागलीय. बायकोला मिशन कळत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
चहा घेऊन गेलो. ड्रमवाला आयुष. गाणारा प्रज्वल, चाकणजवळच्या खेड्यातला, तिकडच्याच एका कंपनीत प्रेस मशिनवर ट्रेनी. गाणारा म्हणजे ओरडणारा. पण मला स्टूल पुसून दिलं, काका म्हणाला. विचारलं, तुमच्या गाण्यात सैतान असतो का. म्हणाला, न्हाई ओ काका, सुपरवायझर असतो.
रविवारी उपासनेला या म्हटलं. तर रविवारी शिफ्ट, सुट्टी गुरुवारी. हे सगळे बहाणे. (माझे कामगारही रविवारी कामावर असतात. तो वेगळा विषय.)

२१ नोव्हेंबर, गुरुवार
मोठं यश.
स्टुलावर डोळे मिटून बसलो होतो. पोरांना वाटलं डुलकी लागली. माझे कान तिखट. प्रज्वल आयुषला हळूच सांगत होता, डाव्या कानानं काही येत नाही. प्रेसच्या दणक्यानं गेला. पंधरा डिसेंबरला पर्मनंट करणार आहेत. तोवर गप बसायचं. पर्मनंट झालो की आपणच सांगू, मशिन बदलून मागू. आत्ता कळलं तर सरळ गेट दाखवतील. घरात आई आणि धाकटी बहीण, कमावता हा एकटा.
मी डोळे उघडले. तो दचकला. म्हणाला, काका, भाईर जाऊ देऊ नका. म्हटलं, माझ्याकडून? मी प्रभूचा माणूस आहे. पोरगं लगेच निश्चिंत झालं. विश्वास असा कमवावा लागतो.

२४ नोव्हेंबर, रविवार
उपासनेत प्रार्थनेचे विषय विचारले. कुणाचा गुडघा, कुणाच्या जावयाचा व्हिसा. माझा विषय सगळ्यांत जड. उभा राहिलो. चर्चमध्ये सांगणं म्हणजे बाहेर सांगणं नव्हे.
संध्याकाळी प्रार्थना साखळीच्या ग्रुपवरही टाकलं. मेंबर १८६. कंपनीत प्रज्वल तीन असतील, प्रार्थना भलत्याच्या नावावर जायला नको, म्हणून कंपनी, डिपार्टमेंट आणि टोकन नंबरही दिला. नंबर ओळखपत्रावर, आणि ते सुट्टीलाही त्याच्या गळ्यातच असतं. काम करायचं तर पक्कं.
जोडलेले हात ९४ आले. पाळकसाहेबांना एवढे कधी येत नाहीत.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
प्रज्वलला अजून सांगितलं नाही. सरप्राइज.

२ डिसेंबर
चर्चच्या मंडळीतल्या अंजलीचा फोन. ती चाकणला एचआरमध्ये. कुठल्या कंपनीत, हे मी कधी विचारलंच नव्हतं. म्हणाली, काका, हे वाचून न वाचल्यासारखं कसं करू? प्रेसवर भोंगा ऐकू आला नाही तर हात जाईल पोराचा. म्हणून कानाची टेस्ट लावली. जेवलो नाही. उपास म्हणून.

५ डिसेंबर, गुरुवार
शेजारी आवाज नाही. आयुष एकटाच ड्रम सोडवत होता. म्हणाला, प्रज्वल टेस्टमध्ये नापास. पर्मनंट नाहीच, सोमवारपासून येऊ नको म्हणाले. कुणी सांगितलं असेल हो काका? म्हटलं, आजकाल कुणाचा भरवसा नाही राव.
घरी येऊन टी-शर्ट कपाटात खाली, चादरींखाली ठेवला.

६ डिसेंबर
नीट विचार केला. हात वाचला पोराचा. हे विजयश्रीला सांगितलं. ती म्हणाली, त्याने तुम्हाला हात वाचवायला सांगितलं होतं, की गप्प बसायला? आणि भाजी निवडत राहिली.

१२ डिसेंबर, गुरुवार
प्रज्वल सामान न्यायला आला. टपरीवर बाकड्यावर नेलं. शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. उपासना, ग्रुप, टोकन नंबर, अंजली, आयुषशी बोललेलं खोटं. माफी मागितली. आवाज जरा बारीक होता. हलकं वाटलं.
तो रस्त्यावरचे कंटेनर बघत होता. मग वळून म्हणाला, काका, काय म्हनला का? ह्या बाजूला या, त्या कानानं न्हाई येत.
कोणत्या बाजूला बसतोय हे मला माहीत नव्हतं असं नाही. १८६ जणांना मीच कळवलं होतं.
उठून उजवीकडे बसलो. तो ऐकायला थांबला होता. म्हटलं, नाताळला चर्चमध्ये ये.
म्हणाला, येतो की. आता समदे वार मोकळेच हाईत. केस बी कापतोय, इंटरव्ह्यूला लागतंय.
पहिला बाक सांगून ठेवला आहे.