तिसऱ्या दिवसाची उलटी

८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मला नोकरी लागल्याचं बाबांनी कळवलंच असेल, पण काम काय आहे ते त्यांनी शिताफीने गाळलं असणार. चार लोकांत सांगायला त्यांना संकोच वाटतो. तर ऐक. आमच्या प्रयोगशाळेत उलटी कशाने होते आणि कशी थांबवता येईल, याचं संशोधन चालतं. उंदरांना उलटी करताच येत नाही, म्हणून आम्ही चिचुंद्र्या पाळल्यात. त्यांना थोडंसं मोरचुदाचं पाणी किंवा कॅन्सरवरचं औषध द्यायचं, पेटीवर कॅमेरा लावायचा आणि मग पडद्यासमोर बसून उलट्या मोजायच्या. तुझी भाची एवढं शिकली ती यासाठी!

पहिल्या आठवड्यात माझंच जेवण सुटलं. एखादी चिचुंद्री कोपऱ्यात अंग आखडून बसली की बघवत नाही. दुसऱ्या विभागात जागा मागावी, असं मनात घोळतंय.

तुझे केमोचे डोस कसे चाललेत? फोन काकाच उचलतात आणि सगळं ठीक आहे म्हणून ठेवून देतात. तू खरं काय ते लिही.

लोभात काटकसर करू नकोस.
तुझी भाची

१९ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून खूप दिवसांनी पोट धरून हसले. उलट्याच मोजायच्या होत्या तर आमच्याकडे यायचंस, जेवूनखाऊन राहिली असतीस. पार्लर बंद ठेवलंय. दुसऱ्यांचे केस कापण्यात जन्म गेला आणि आता मीच टकली. गिऱ्हाइकांनी बघून काय विश्वास ठेवावा?

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. डोसच्या दिवशी काहीच होत नाही. घरी सोडताना नर्स उलटी झाली का विचारते, मी नाही म्हणते, आणि ते खरंच असतं. तिसऱ्या दिवशी जे सुरू होतं ते सांगवत नाही. बाथरूमच्या गार फरशीवर गाल टेकून पडून राहते. पाण्याचा घोटसुद्धा टिकत नाही. तुझे काका दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. अधूनमधून नुसते खाकरतात.

डॉक्टरांची गाठ पडते तोवर मी हिंडूफिरू लागलेली असते. त्यांच्यामागे एवढी रांग, त्यात ओकाऱ्यांचं रडगाणं कुठे लावायचं? औषध म्हटलं की हे आलंच, असं मी धरून चालले होते. पण आता पुरे. दोन डोस झाले, तिसऱ्याला मी जाणार नाही. काकांना अजून बोलले नाही. तू बाबांना सांगू नकोस, तो मिळेल त्या गाडीने येऊन थडकेल.

आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
तुझी आत्या

२५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांना सांगितलेलं नाही. पण पत्र वाचून मला बसवेना. कोणाचं ते न सांगता आमच्या प्रमुख बाईंना सगळं विचारलं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या थर्मासमधला चहा दिला.

त्या म्हणाल्या, पहिल्या दिवसाची उलटी आणि नंतरची उलटी शरीरात वेगवेगळ्या वाटांनी येतात. तुला देतात ती उलटीवरची गोळी पहिली वाट अडवत असेल, दुसरी मोकळीच राहिली असेल. आमच्या चिचुंद्र्यांचंही असंच होतं. पहिल्याच संध्याकाळी कॅमेरा बंद केला असता तर त्या बऱ्या झाल्या असंच आम्ही लिहिलं असतं. तुझ्या डॉक्टरांपुढेही तेवढंच चित्र आहे गं. त्यांच्या लेखी तू उलटी न होणारी बाई आहेस.

दुसऱ्या वाटेवरची औषधं आहेत. तुला कोणतं चालेल ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांना कळलं तर. तिसरा डोस घे, असं म्हणायचा मला हक्क नाही. पण नाही म्हणायच्या आधी एकदा त्यांना सगळं सांग, फरशीसकट. काकांनाही सोबत ने.

जागा बदलून मागायचा विचार मी सोडला. बघवत नाही ते अजूनही, पण आता नजर हटवत नाही.

उत्तराची वाट बघते, जीव टांगणीला लावू नकोस.
तुझी भाची

२१ मार्च

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण काहीतरी हाती लागल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

गेले बाई डॉक्टरांकडे. मी आढेवेढे घेत होते, तर तुझ्या मुखदुर्बळ काकांनीच सुरुवात केली आणि थांबेचनात. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हे आधी का नाही सांगितलंत, म्हणाले, आणि मग स्वतःच म्हणाले की मीही नीट विचारलं नाही. त्यांनी आणखी एक औषध वाढवलं. मी म्हटलं, हा एक डोस घेऊन बघते, पुढचं पुढे.

तिसरा दिवस उजाडला. मी बादली जवळ घेऊन बसले होते. मळमळ झाली, एकदा उलटीही झाली, खोटं कशाला सांगू. पण दुपारी टोस्ट खाल्ला, तो राहिला. संध्याकाळी काकांशी भांडले, म्हणजे अंगात जोर होता.

खरी गंमत पुढेच. काल तपासणीला गेले होते. बाकावर शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर होते. त्यांना मी विचारलं, घरी गेल्यावर तुम्हाला कसं असतं? ते हळूच म्हणाले, फार वाईट. पलीकडच्या बाई म्हणाल्या, मलाही. त्यावर नर्स आमच्यापुढे येऊन उभी राहिली आणि तिने सरळ विचारलं, घरी गेल्यावर कोणाकोणाला त्रास होतो? त्या खोलीत हात वर न केलेला एकही माणूस नव्हता.

आता तिसऱ्या दिवशी ती प्रत्येकाला घरी फोन करणार आहे. तुमच्या बाईंना हे सांग. आणि चौथा डोस पुढच्या आठवड्यात आहे, तारीख मीच मागून घेतली.

प्रेम आहेच, ते मोजत बसू नकोस.
तुझी आत्या