नातीची पावलं आणि माझे हात

वर्तकनगर, ठाणे
शुक्रवार, दि. ६

ती. शेवंतीअक्कास,

धाकट्या गुणाजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना? इकडे सगळे ठीक. ठीक कसले, अगं, आमच्या ऋजुताने काल तीन पावलं टाकली! एकटीने! वॉचमन धरून अकरा जणांना सांगून झालं. तुझा फोन लागत नाही म्हणून हे पत्र.

पहिल्यापासून सांगतो. नात दीड वर्षाची झाली तरी उभी राहीना, तेव्हा (आपल्या घरात सगळेच उशिरा चालतात असं तू म्हणालीस आणि मीही तेच धरून बसलो, ते चुकलंच) सूनबाईने, अक्षदाने, कुणाचं न ऐकता घोडबंदर रोडवरचं थेरपी केंद्र गाठलं. तिथल्या मैथिली मॅडम म्हणाल्या, स्नायू थोडे ढिले आहेत, पण आत्तापासून रोज करून घेतलं तर फरक पडेल. करून घ्यायचं म्हणजे खेळायचं. खुळखुळा सोफ्यावर ठेवायचा आणि पोर तो घ्यायला उठते का, याची दहा आकडे मोजेपर्यंत वाट पाहायची. मध्ये हात लावायचा नाही. अक्का, तीस वर्षं शाळेत कवायत घेतली, हजारो पोरांना आकड्यांवर नाचवलं. पण ऋजुताने ओठ काढला की मी तीनवरून थेट दहावर यायचो आणि खुळखुळा तिच्या हातात द्यायचो. चार महिने हेच. शेवटी मॅडमनी घरच्या खेळाचा व्हिडिओ मागवला. त्यात पोर कमी आणि माझे हात जास्त. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, तिला येतंय. तुम्ही येऊ देत नाही आहात." फार लागलं गं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही (दुपारचं, संध्याकाळी भजी होती).

मग अक्षदाने युक्ती काढली. खेळाच्या वेळी तांदळाने काठोकाठ भरलेलं ताट माझ्या दोन्ही हातांत. काल ऋजुता सोफा धरून उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं आणि सोफा सोडला. एक पाऊल. दोन. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पुसायला हात नाही. तीन! माझा स्वतःचा मुलगा सर्वेश जन्मला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता (हे त्याला सांगू नकोस).

तुझा,
गुणाजी

ता. क. तिसऱ्या पावलाला मी ताट टाकून तिला उचललं. चौथं तिने उचललेलं होतं, ते हवेतच राहिलं. तांदूळ अजून सोफ्याखाली सापडतायत आणि अक्षदा माझ्याशी बोलत नाही.

ता. क. २ पंचवीस तारखेला मॅडम तिचं चालणं पाहायला घरी येणार आहेत. तू आदल्या दिवशी येशील का? लहानपणापासून मला धरून ठेवणं फक्त तुलाच जमलंय. माझ्यामुळे तिचं चौथं पाऊल पुन्हा राहायला नको.

ता. क. ३ पत्र वाचून अक्षदा आत्ता कालपासूनचं पहिलं वाक्य बोलली: "आणि आत्यांचे हात कोण धरणार?" तरी ये. आपण एकमेकांचे धरून बसू.